लढाऊ रोबो घडवणारी छोटी यंत्रे: दुरुस्ती आणि सुधारणा

लढाऊ रोबोचे बरेचसे भाग बाजारात तयार मिळतात. मोटर, बॅटरी, वेगनियंत्रक, रेडिओ संच, बेअरिंग, चाके यांतले काहीच घरी करावे लागत नाही. घरी करायचे उरते ते या सगळ्यांना एकत्र धरणारे धातूकाम: सांगाडा, शस्त्राचा दांडा, चकतीचे मधले भोक, मोटर बसवायच्या पट्ट्या, पुली. ते करणारे लेथ आणि मिलिंग मशीन गॅरेजात किंवा महाविद्यालयाच्या एखाद्या खोलीत मावेल इतके छोटे आणि त्या मानाने स्वस्त असते. ही स्वस्ताई कुठून येते, हे यंत्र पहिल्यांदा उघडले की कळते. कडा घासलेल्या नसतात, सरकते भाग सैल असतात, गिअर प्लॅस्टिकचे असतात. त्यामुळे हौशी बांधणाऱ्याचा पहिला रोबो आकाराला येण्याआधी त्याचा बराच वेळ यंत्रावरच खर्च होतो.

रोबोंच्या झुंजींच्या या खेळाचे आजचे रूप अमेरिकेतले. मार्क थॉर्प यांनी १९९४ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसनमध्ये ‘रोबोट वॉर्स’ भरवले. त्याच नावाची मालिका १९९८ मध्ये बीबीसीवर आली आणि १९९९ मध्ये ‘बॅटलबॉट्स’ ही अमेरिकी स्पर्धा सुरू झाली. दूरचित्रवाणीवर दिसणारे बॅटलबॉट्सचे मोठे रोबो २५० पौंडांचे, म्हणजे सुमारे ११३ किलोचे असतात. हौशी लोक मात्र प्रामुख्याने छोट्या गटांत खेळतात. अमेरिकेत ‘बीटलवेट’ ३ पौंडांचा (१.३६ किलो) आणि ‘अँटवेट’ १ पौंडाचा असतो. ब्रिटनमधला अँटवेट तर अवघ्या १५० ग्रॅमचा. भारतात हा खेळ मुख्यतः अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या महोत्सवांतून रुजला. त्यांत आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमधील रोबोवॉर्स सर्वांत परिचित. येथील संघांचे रोबो पुष्कळदा जड गटातले असतात आणि त्यांचे जड भाग बाहेरच्या वर्कशॉपमधून करून घेतले जातात. छोट्या गटांत मात्र घरच्या यंत्रावर जवळजवळ सगळे काम होऊ शकते.

यंत्राच्या अचूकतेवर इतका भर का, हे फिरत्या शस्त्राच्या गणितातून स्पष्ट होते. आठ-दहा किलोच्या रोबोला साजेशी १ किलो वजनाची, १५० मिलिमीटर व्यासाची भरीव चकती घेतली आणि ती मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरवली, तर तिच्यात सुमारे ५५५ जूल ऊर्जा साठते. तिच्या कडेचा वेग सेकंदाला ४७ मीटर, म्हणजे ताशी १७० किलोमीटरच्या आसपास असतो. आता मधले भोक केंद्रापासून फक्त ०.१ मिलिमीटर सरकले, असे धरू. ही साध्या छपाईच्या कागदाची जाडी झाली. एवढ्या चुकीने चकती दांड्याला सुमारे ४० न्यूटनच्या, म्हणजे चार किलो वजनाइतक्या जोराने ओढते, आणि त्या ओढीची दिशा सेकंदाला शंभर फेऱ्या मारते. वेग दुप्पट केला की ही ओढ चौपट होते. रोबो जमिनीवर थरथरतो, बेअरिंग तापते, वेगनियंत्रक जास्त करंट ओढतो आणि समोरचा प्रतिस्पर्धी न शिवताच शस्त्र निकामी होते. अशा ठिकाणी मोटर दोषी धरली जाते. पण भोक पाडताना चकमध्ये काम कसे बसले होते आणि लेथचा स्पिंडल किती डगमगत होता, हे आधी तपासायला हवे.

बेअरिंगची बैठक हेही तसेच नाजूक काम. छोट्या रोबोंत सर्रास वापरले जाणारे ६००१ क्रमांकाचे बेअरिंग आतून १२, बाहेरून २८ आणि जाडीला ८ मिलिमीटर असते. ते नीट बसायला भोक २८ मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही आणि शतांश-दोन शतांश मिलिमीटरहून मोठेही चालत नाही. एच-७ या प्रचलित मापनश्रेणीत ही सवलत शून्य ते २१ मायक्रॉन असते. भोक याहून मोठे झाले तर पहिल्याच धडकेला बेअरिंग आपल्या जागेत फिरू लागते आणि अॅल्युमिनिअम खाऊन टाकते. नव्या कोऱ्या छोट्या लेथवर, काहीही न सुधारता, ही मर्यादा पाळणे नशिबाचे काम असते.

जगभरच्या हौशी कार्यशाळांत दिसणारे छोटे लेथ आणि मिलिंग मशीन बहुतांशी चिनी घडणीचे असतात. शांघायच्या सीग कंपनीचे नमुने वेगवेगळ्या रंगांत आणि वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या नावांनी अमेरिका-युरोपात विकले जातात. ‘सात बाय दहा’ किंवा ‘सात बाय चौदा’ म्हणून ओळखला जाणारा लेथ म्हणजे सात इंच व्यासाचे काम फिरवू शकणारा आणि दोन टोकांत दहा ते चौदा इंच जागा देणारा. त्याचे वजन साधारण ४० किलो, स्पिंडलचे आरपार भोक २० मिलिमीटर. त्याचा जोडीदार असलेल्या एक्स-२ नमुन्याच्या मिलिंग मशीनचा स्पिंडल मिनिटाला जास्तीत जास्त २,५०० फेऱ्या मारतो. दोघांचेही सुटे भाग मुबलक मिळतात, आणि या यंत्रांच्या लोकप्रियतेचे खरे कारण हेच. भारतात अशा छोट्या यंत्रांपेक्षा जुने मोठे लेथ हाताशी येण्याची शक्यता अधिक: बटाला किंवा राजकोटचे, नाहीतर हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या भोसरीत असे लेथ आजही जॉबवर्क करताना दिसतात. झिजलेला मोठा लेथ नव्या छोट्या लेथपेक्षा कितीतरी ताठ असतो, आणि जागा व तीन फेजचा पुरवठा असेल तर तोच घ्यावा. पुढचे विवेचन मात्र छोट्या यंत्रांबद्दल आहे, कारण सुधारणेची गरज त्यांनाच जास्त आहे.

नवे यंत्र आले की ते चालवून पाहण्याआधी पूर्ण खोलून साफ करणे शहाणपणाचे. कारखान्यात गंज टाळण्यासाठी फासलेले चिकट ग्रीस वंगण नसते. त्याच्यात धातूचा कीस आणि ओतकामाची वाळू अडकलेली असते आणि सरकत्या पृष्ठभागांवर ती सँडपेपरसारखी काम करते. रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइनने ते धुऊन काढावे, प्रत्येक कडेवरची बुरी बारीक कानशीने उतरवावी, स्लाइडला स्लाइडवे ऑइल (सामान्यतः व्हीजी ६८ जाडीचे) लावून यंत्र पुन्हा जुळवावे. या कामाला एक पैशाचाही सुटा भाग लागत नाही. तरीही पुष्कळ यंत्रांत सर्वांत मोठा फरक यानेच पडतो.

जुळवणी करताना महत्त्वाची ठरते ती जिब, म्हणजे स्लाइडच्या उतरत्या बाजूत बसवलेली आणि स्क्रूने दाबली जाणारी पट्टी. ती सैल असेल तर कटर धातूत घुसताच स्लाइड वळते, आवळली असेल तर हँडल फिरत नाही. स्वस्त यंत्रांत ही पट्टी अनेकदा वाकडी असते आणि स्क्रूची टोके तिच्या खाचांत नीट बसत नाहीत. पट्टी सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिशपेपरवर घासून सरळ करणे, स्क्रूची टोके गोल करणे आणि प्रत्येक स्क्रूला चेकनट घट्ट ठेवून तो थोडाथोडा आवळणे, एवढ्याने स्लाइडचा प्ले बराच जातो. ज्याला आणखी पुढे जायचे असेल तो पृष्ठभागावर निळा रंग लावून, उंचवटे शोधून, स्क्रेपरने खरवडतो. हे काम हाताला यायला वेळ लागतो, पण बिडाच्या पृष्ठभागाला मिळणारी सपाटी दुसऱ्या कोणत्याही घरगुती उपायाने मिळत नाही.

लेथमध्ये सर्वांत चर्चिली जाणारी सुधारणा स्पिंडलच्या बेअरिंगची. मूळ यंत्रात ६२०६ क्रमांकाची साधी बॉल बेअरिंग असतात. ती त्रिज्येच्या दिशेचा भार झेलतात, पण अक्षाच्या दिशेने थोडी सैल राहतात. त्यांच्या जागी ३०२०६ ही टेपर रोलर बेअरिंग बसवली की नटाने आवळून स्पिंडलचा दोन्ही दिशांचा प्ले काढता येतो. अडचण जाडीची. मूळ बेअरिंग १६ मिलिमीटरचे आणि टेपर बेअरिंग १७.२५ मिलिमीटरचे, त्यामुळे मधले स्पेसर तेवढे घासून कमी करावे लागतात. ती कटकट नको असेल तर ७२०६ हे अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग चालते, कारण त्याची जाडी मूळच्याइतकीच असते. स्पिंडल ठोकून बाहेर काढताना हेडस्टॉकमधल्या बिडाला तडा जाऊ शकतो. म्हणून हातोड्याऐवजी लांब स्टड, वॉशर आणि नटांनी ओढून काढण्याची पद्धत बरी. नवी बेअरिंग बसल्यावर लेथ अर्धा तास मध्यम वेगाने चालवून हेडस्टॉकला हात लावून पाहतात. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर नट ढिला करावा लागतो.

बेअरिंग बदलूनही कामात थरथर येत असेल तर दोष टूलच्या बाजूला असतो. छोट्या लेथवर टूल पोस्टखाली एकावर एक तीन सरकते थर असतात: सॅडल, क्रॉस स्लाइड आणि कंपाउंड. कंपाउंडची गरज फक्त तिरकस कामाला आणि आटे पाडताना लागते, एरवी ती नुसती लवचिकता वाढवते. अनुभवी टर्नर ती काढून त्या जागी भरीव पोलादी ठोकळा बोल्ट करतात. त्यानंतर दांडा कापून वेगळा करण्याचे, म्हणजे पार्टिंगचे, एरवी अशक्यप्राय वाटणारे काम सुरळीत होऊ लागते. सॅडल बेडला खालून धरणाऱ्या पट्ट्याही तपासाव्यात. त्यांत काही स्क्रू ढकलणारे आणि काही ओढणारे असतात, आणि हे दोन्ही एकमेकांविरुद्ध आवळताना पट्टी वाकते. तेथे उतरत्या जिबपट्ट्या बसवणे हा कायमचा इलाज. टेलस्टॉक आवळायला प्रत्येक वेळी पान्हा लागतो, त्याऐवजी कॅमची तरफ बसवणे ही केवळ सोयीची सुधारणा. सोयीला कमी लेखू नये, पण तिची पाळी शेवटी.

लेथ सरळ कापतो की नाही, हे तपासायला साधी चाचणी आहे. पंचवीस-तीस मिलिमीटर जाडीचा दांडा चकमध्ये धरून सुमारे शंभर मिलिमीटर बाहेर ठेवतात, टेलस्टॉकचा आधार न देता त्यावर दोन ठिकाणी अरुंद पट्टे हलक्या कटाने टर्न करतात आणि मायक्रोमीटरने दोन्ही व्यास मोजतात. फरक दोन शतांश मिलिमीटरच्या आत असेल तर रोबोच्या कामाला पुरे. जास्त असेल तर बेड पिळला आहे किंवा हेडस्टॉक वाकडा बसला आहे. आधी यंत्राच्या पायांखाली पातळ पत्र्याचे शिम घालून पाहावे, हेडस्टॉकला हात त्यानंतर.

मिलिंग मशीनमध्ये बेअरिंगपेक्षा खांब अधिक सतावतो. एक्स-२ चा उभा खांब डावीकडे-उजवीकडे तिरका करता यावा म्हणून तळाशी एका मोठ्या बोल्टवर धरलेला असतो. तिरके काम हौशी माणूस क्वचितच करतो, आणि त्या न वापरल्या जाणाऱ्या सोयीपायी यंत्राचा ताठपणा जातो. डोक्यावर डायल गेज लावून खांब हाताने ढकलला तरी काटा हलताना दिसतो. उपाय दोन. पहिला, खांब तळाला जाड पोलादी पट्टीने किंवा कोनाने पक्का जोडणे. दुसरा, न झुकणारा भरीव तळाचा खांबच बसवणे. काही जण पोकळ खांबात इपॉक्सी आणि ग्रॅनाइटची खडी भरतात. त्याने कंपने थोडी विझतात, पण सांधा ढिला असेल तर तेवढ्याने भागत नाही.

खांब पक्का करण्याआधी स्पिंडल टेबलाला काटकोनात आणावा लागतो. स्पिंडलमध्ये आडवा हात बसवून त्याला डायल गेज लावतात आणि तो टेबलावरून गोल फिरवतात. दीडशे मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर डावी-उजवी आणि पुढची-मागची नोंद दोन शतांशांच्या आत जुळली की काम झाले. पुढे-मागे झुकाव असेल तर खांबाच्या तळाशी शिम घालण्यावाचून मार्ग नाही. हे न करता रोबोच्या बाजूच्या प्लेटा मिल केल्या तर प्रत्येक प्लेटवर हलक्या पायऱ्या उमटतात, दोन प्लेटांतली बेअरिंगची भोके एका रेषेत येत नाहीत आणि दांडा अडकतो.

याच मशीनचे दुसरे दुखणे गिअरचे. मोटरचा जोर स्पिंडलपर्यंत प्लॅस्टिकच्या गिअरमधून जातो आणि कटर अडकला की दाते उडतात. नवा प्लॅस्टिकचा गिअर घालता येतो, धातूचा घालता येतो किंवा सगळी गिअरपेटी काढून पट्टा बसवता येतो. धातूचा गिअर बसवला की प्रश्न मिटला असे वाटते. प्रत्यक्षात दात्यांनी सोसायचा धक्का पुढच्या दुबळ्या भागाकडे जातो आणि चावी कापली जाते, कटर तुटतो किंवा मोटरचे नियंत्रक सर्किट जळते. पट्टा मात्र धक्क्याला घसरतो आणि बाकी सगळे वाचते, शिवाय आवाज कमी होतो. नंतरच्या काही नमुन्यांत निर्मात्यांनीच ब्रशलेस मोटर आणि पट्टा दिला, यातच काय ते आले. रोबो बांधणाऱ्यांना हे तत्त्व नवे नाही. शस्त्राची चकती पट्ट्यावर चालवण्याचे कारण तेच असते: धडकेच्या क्षणी काहीतरी सुटायलाच हवे, आणि ते काय असावे हे बांधणाऱ्याने आधी ठरवलेले बरे.

मोटर आणि तिचे नियंत्रण बिघडले तर घाबरून नवा संच मागवण्याआधी क्रमाने तपासणी करावी. जुन्या नमुन्यांत कार्बन ब्रशची डीसी मोटर असते. ब्रश झिजले, अडकले किंवा त्यांच्यामागची स्प्रिंग मऊ झाली की मोटर थांबत थांबत चालते. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त आढळणारा दोष. त्यानंतर फ्यूज, मग आपत्कालीन बटणाचे आणि चकवरच्या झाकणाचे स्विच, मग वेग ठरवणारा पोटेन्शिओमीटर, आणि शेवटी सर्किट बोर्ड. बोर्डावर सहसा मॉस्फेट जळतो. त्याचे मूळ कारण अनेकदा आत शिरलेला धातूचा कीस असते, म्हणून नियंत्रणपेटीची हवेची भोके जाळीने किंवा फिल्टरने झाकणे ही खरी दुरुस्ती. येथे एक धोका मात्र हलक्यात घेऊ नये. घरातला २३० व्होल्टचा पुरवठा एकदिश करून कपॅसिटरमध्ये साठवला की तेथे सुमारे ३२५ व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. रोबोच्या बॅटरीवरचे वेगनियंत्रक सहजी दुरुस्त करणारा हातही येथे जपून चालवावा लागतो. मीटरने व्होल्टेज उतरल्याची खात्री करूनच बोर्डाला स्पर्श करावा.

मोटर बदलायची झाली तर दोन वाटा रूढ आहेत. अमेरिकेत टाकून दिलेल्या ट्रेडमिलची डीसी मोटर काढून ती छोट्या लेथवर बसवण्याची हौस मोठी आहे, कारण ती जोरकस असते आणि जवळजवळ फुकट मिळते. दुसरी वाट तीन फेजच्या इंडक्शन मोटरची आणि व्हीएफडीची. व्हीएफडी घरच्या एका फेजमधून २३० व्होल्टच्या तीन फेज तयार करतो आणि वेगही बदलतो. मोटर घेताना ती २३० व्होल्टवर डेल्टा जोडणीत चालणारी आहे, हे पाटीवर पाहून घ्यावे. ४१५ व्होल्टला स्टार जोडणीतच चालणारी मोटर येथे दम टाकते. मात्र इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वेग उतरवला की मोटरची शक्तीही उतरते. म्हणून पट्ट्याची निदान दोन टप्प्यांची पुली ठेवणे आवश्यक.

कमी वेगाची गरज किती असते, ते साध्या सूत्राने काढता येते. कापण्याचा वेग मिनिटाला किती मीटर, त्याला ३१८ ने गुणून कटरच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागले की फेऱ्या मिळतात. १० मिलिमीटरचा हायस्पीड स्टीलचा कटर अॅल्युमिनिअमवर ७५ मीटर वेगाने चालवायचा तर मिनिटाला सुमारे २,४०० फेऱ्या हव्यात, म्हणजे यंत्राच्या कमाल मर्यादेला लागून. तोच कटर टायटॅनिअमवर १२ मीटरने चालवायचा तर अवघ्या ३८०. टायटॅनिअम हा लढाऊ रोबोंचा आवडता धातू असल्याने तळातल्या वेगात ताकद टिकवणारे यंत्र येथे उपयोगी पडते. अॅल्युमिनिअमसाठी वेगळी युक्ती आहे. कमी शक्तीच्या लेथवर सीसीजीटी प्रकारची, धारदार आणि चकचकीत पॉलिश केलेली कार्बाइड टिप लावली तर तिला जोर कमी लागतो आणि पृष्ठभागही सुरेख येतो. बोथट कडेची सर्वसाधारण टिप मोठ्या लेथसाठी असते. छोट्या लेथवर ती धातू कापण्याऐवजी दाबते.

पट्टा करवत, ड्रिल आणि ग्राइंडर यांची कथा थोडक्यात आटपते. करवतीचे पाते तिरके कापते ते मार्गदर्शक बेअरिंग सरकल्यामुळे. ती गुण्याने जुळवावीत आणि मूळ पाते फेकून बायमेटल पाते घ्यावे. कापल्या जाणाऱ्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते हवेत, नाहीतर पातळ पत्र्यावर दाते तुटतात. ड्रिलचा चक डगमगत असेल तर तो काढून टेपर स्वच्छ पुसून पुन्हा ठोकून बसवावा. त्यानेच निम्मी तक्रार मिटते. ग्राइंडरचे नवे चाक बसवण्याआधी लाकडी मुठीने हलके ठोकून नाद ऐकतात. खणखणीत वाजले तर सुस्थितीत, बद्द वाजले तर तडा. टूल टेकवायची पट्टी आणि चाक यांतली फट ३ मिलिमीटरहून जास्त ठेवू नये.

मापन सुधारण्यासाठी डिजिटल वाचक पट्टी बसवणे फायद्याचे. हँडलवरच्या आकड्यांत स्क्रू आणि नट यांतला बॅकलॅश मिसळलेला असतो, तर ही पट्टी टेबलाची जागा थेट मोजते. संगणकीय नियंत्रण, म्हणजे सीएनसी, करायचे तर मात्र बॅकलॅश खरोखरच काढावा लागतो आणि त्यासाठी बॉल स्क्रू घालावे लागतात. दोनशे पायऱ्यांची स्टेपर मोटर, आठ पट सूक्ष्म पायऱ्या आणि ५ मिलिमीटर चालीचा स्क्रू असा हिशेब केला तर एका पायरीला सुमारे ०.००३ मिलिमीटर येतात. या आकड्यावर भाळून पुष्कळ जण खांब आणि जिब तशीच ठेवून मोटर बसवतात. मग संगणक आज्ञा अचूक देतो आणि यंत्र तिचे पालन वाकत-वाकत करते. नियंत्रणासाठी लिनक्ससीएनसी, मॅक-३ किंवा आर्डुइनोवर चालणारी जीआरबीएल या प्रणाली प्रचलित आहेत. पैकी लिनक्ससीएनसीचे मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेच्या प्रकल्पात आहे.

छोट्या गटांत अलीकडे थ्रीडी प्रिंटरने मिलिंग मशीनची बरीच जागा घेतली आहे. अँटवेटचा अख्खा सांगाडा टीपीयू या रबरासारख्या प्लॅस्टिकमध्ये छापला जातो, कारण ते तडकण्याऐवजी वाकते आणि मार जिरवते. एंडर-३ सारख्या स्वस्त प्रिंटरवर टीपीयू छापताना तार लांब नळीतून ढकलावी लागते आणि मऊ तार वाटेत दबते. मोटर थेट नोझलच्या डोक्यावर आणली की हा त्रास कमी होतो. नायलॉनसाठी नोझल २५० अंशांच्या वर तापवावे लागते, पण मूळ नोझलमध्ये आतपर्यंत गेलेली टेफ्लॉनची नळी सुमारे २४० अंशांपलीकडे खराब होऊ लागते. तेथे पूर्ण धातूची बनावट लागते, आणि कार्बनतंतू मिसळलेले नायलॉन असेल तर कडक पोलादी नोझलही, कारण पितळेचे लवकर झिजते. नायलॉन हवेतली आर्द्रता ओढते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात उघडे राहिलेले रीळ छापताना तडतडते आणि भाग ठिसूळ होतो. सत्तर-ऐंशी अंशांवर काही तास वाळवून ते हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावे लागते.

काही कामे सुधारलेल्या छोट्या यंत्रावरही करू नयेत. चिलखतासाठी आणि शस्त्रांसाठी वापरले जाणारे हार्डॉक्स ५०० पोलाद ४७० ते ५३० ब्रिनेल कडकपणाचे असते. हायस्पीड स्टीलची धार त्यावर टिकत नाही आणि कार्बाइड वापरायला लागणारा ताठपणा छोट्या यंत्रात नसतो. त्याचा आकार वॉटरजेट किंवा लेझरवर कापून घेणे सरळ आणि स्वस्त. एस-७ टूल स्टीलसारख्या धातूचे काम तो मऊ असताना करून नंतर त्याला पाणी देतात. त्या प्रक्रियेत मापे थोडी हलतात, म्हणून बेअरिंगच्या बैठकीवर घासण्यापुरता माल राखून ठेवतात. भारतात दांड्यांसाठी सहज मिळणारे ईएन-२४ पोलाद मात्र छोट्या लेथच्या आवाक्यातले आहे. हलका कट, भरपूर कूलंट आणि घाई न करणे एवढे जमले की झाले.

अशा सामग्रीवर काम केल्यानंतरची सफाई हाही यंत्राच्या दुरुस्तीचाच भाग. टायटॅनिअमचा बारीक कीस ठिणगीने पेटतो आणि त्यावर पाणी मारले तर आग भडकते. म्हणून तो रोजच्या रोज गोळा करून वेगळ्या धातूच्या डब्यात ठेवतात आणि यंत्राजवळ कोरड्या वाळूची बादली असते. कार्बनतंतूची धूळ विद्युतवाहक असते, त्यामुळे त्याच्या प्लेटा कापताना नियंत्रणपेटी झाकून ठेवावी, व्हॅक्यूम चालू ठेवावा आणि तोंडावर मास्क असावा. लिथियम पॉलिमर बॅटरी चार्ज करण्याचे टेबल लेथपासून दूर हवे, कारण तारेच्या टोकांवर पडलेला एक वळसेदार कीस शॉर्टसर्किटला पुरतो. पावसाळ्यात बिडाचा उघडा बेड दोन दिवसांतही तांबूस दिसू लागतो. काम संपल्यावर कीस ब्रशने झाडून, कूलंटचे पाणी कोरड्या कापडाने पुसून आणि तेलाचा पातळ हात फिरवून यंत्र झाकले की गंज धरत नाही. झाकायला सुती कापड घ्यावे, कारण प्लॅस्टिकच्या आवरणाखाली दमट हवा कोंडून उलट पाणी सुटते.